बारावीनंतर फिजिक्स: पात्रता, परीक्षा आणि अर्जांचं खरं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारी मुलगी महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीत आहे, ग्रुप पीसीएम. घरच्यांच्या आग्रहाने जेईईचा क्लास लावलाय, पण मनातून पदवी फिजिक्समध्येच करायची आहे. किती टक्के लागतात, जेईई द्यावीच लागते का, अर्ज कुठे कुठे भरायचे, आणि कुठेच नंबर लागला नाही तर कॉलेजातली साधी बीएस्सी म्हणजे वाया जाणं का?

मी बरीच वर्षं पदवीच्या वर्गांना फिजिक्स शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत टेबलापलीकडे बसतो, त्यामुळे हे चारही प्रश्न दर उन्हाळ्यात कानावर येतात. तुझ्या चार प्रश्नांत एक प्रश्न मात्र राहून गेलाय आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा: गणित कसं आहे? कागदावरची पात्रता तू बहुतेक ओलांडशीलच. पहिल्या सेमिस्टरला जी मुलं गळतात ती फिजिक्समुळे क्वचितच गळतात, गणितामुळे गळतात.

आधी कागदावरची पात्रता पाहू. देशातल्या नावाजलेल्या विज्ञान संस्थांचं बारावीचं किमान बंधन फार उंच नाही. आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) आणि नायसर (भुवनेश्वरची तशीच संस्था) दोन्हीकडे साधारण ६० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ५५. आयआयटी आणि एनआयटीसाठी ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ६५. आयसरला बारावी अलीकडच्या वर्षांतलीच चालते, म्हणजे गॅपची मुभा मर्यादितच असते. टक्केवारीने दार उघडतं इतकंच. आत कोण जाणार हे ठरतं प्रवेश परीक्षेच्या क्रमांकावर.

आता परीक्षा. 'जेईई नाही तर काहीच नाही' हा समज क्लासवाल्यांनी पसरवलेला आहे. फिजिक्ससाठी तुला ज्या परीक्षेचा सगळ्यात जास्त उपयोग होईल ती आयसरची अभिक्षमता चाचणी, म्हणजे आयएटी. पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेऱ्हामपूर या सातही आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम याच एका परीक्षेवर भरतो. पूर्वी केव्हीपीवाय (केंद्राची विज्ञान-फेलोशिपची परीक्षा) आणि जेईई ॲडव्हान्स्ड हेही मार्ग होते. केव्हीपीवाय बंद झाली आणि २०२४ पासून आयसरसाठी आयएटीच राहिली. बंगळूरच्या आयआयएस्सीची चार वर्षांची बीएस (रिसर्च) पदवीही आयएटीच्या गुणांवर किंवा जेईई ॲडव्हान्स्डच्या क्रमांकावर मिळू शकते, पण त्यासाठी आयआयएस्सीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो. आयएटीचा फॉर्म भरला म्हणजे आयआयएस्सीचाही झाला असं धरून बसणारी मुलं दरवर्षी भेटतात. तोवर मुदत गेलेली असते.

आयएटीची रचना नीट समजून घे, कारण पीसीएमची मुलं तिथेच चुकतात. तीन तास, ६० प्रश्न. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायॉलॉजी यांचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीचा १ वजा, एकूण २४०. बायॉलॉजीचे ६० गुण, म्हणजे पेपरचा पाव भाग. तू अकरावीत बायॉलॉजी सोडली असशील तर तो भाग सरळ कोरा ठेवून येण्याचा मोह होईल. तसं करू नकोस. एनसीईआरटीच्या पुस्तकांतला पेशी, आनुवंशिकता आणि परिसंस्था एवढा भाग निवांत वाचला तरी चार-पाच प्रश्न हातात येतात, आणि कटऑफजवळ असणाऱ्याला तेवढे गुण फार मोठे असतात. शिवाय हिशेब बघ: चार पर्यायांपैकी एक नक्की चूक आहे एवढं कळलं तरी उरलेल्या तिनांत अंदाज मारणं सरासरीने फायद्याचं ठरतं, तीन वेळा मारलास तर एकदा ४ मिळतात आणि दोनदा १ जातो. कोरं सोडल्याने काहीच मिळत नाही.

नेस्टची गोष्ट नेमकी उलटी. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत विद्यापीठाच्या कालिना परिसरातलं सेबस या दोन संस्थांसाठी ही परीक्षा असते. दोन्ही अणुऊर्जा विभागाशी जोडलेल्या, दोन्हीकडे पाच वर्षांची इंटिग्रेटेड एमएस्सी. विभाग इथेही चारच, पण सर्वांत चांगले तीन धरले जातात. म्हणजे पीसीएमवाल्याला बायॉलॉजीकडे बघायचीही गरज नाही, मात्र उरलेल्या तिनांत कच्चं राहायची सोयही नाही. प्रश्न आयएटीपेक्षा जरा खोल असतात आणि मागचे पेपर उपलब्ध आहेत, ते सोडवून बघ. सेबसबद्दल आपल्याकडे आश्चर्यकारकरीत्या कमी मुलांना माहिती असते. लहान वर्ग, टीआयएफआर आणि बीएआरसी या संशोधन संस्थांतली माणसं शिकवायला, आणि तेही मुंबईत. माझ्या मते फिजिक्ससाठी देशातल्या उत्तम जागांपैकी ती एक आहे, आणि इमारत बघून नाक मुरडणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

जेईईचा क्लास लावलाच आहे तर तो वाया जात नाही. ॲडव्हान्स्डच्या क्रमांकावर आयआयटी कानपूरची फिजिक्समधली बीएस किंवा मुंबई-दिल्लीचं इंजिनिअरिंग फिजिक्स मिळू शकतं, तसंच तिरुवनंतपुरमच्या अंतराळ संस्थेचे अभ्यासक्रमही. ॲडव्हान्स्डला बसायलाच जेईई मेन या आधीच्या पायरीत वरच्या अडीच लाखांत यावं लागतं आणि लागोपाठच्या दोनच वर्षांत दोनदाच बसता येतं. ॲडव्हान्स्ड जमली नाही तरी नुसत्या मेनवर काही एनआयटींमध्ये पाच वर्षांची एमएस्सी आहे. आपल्याला जवळचं सुरत, लांबचं राउरकेला. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये मुलं इंजिनिअरिंगच्या शंभर शाखा भरतात आणि हे पर्याय खाली स्क्रोलही करत नाहीत. इंजिनिअरिंग फिजिक्स आणि निखळ फिजिक्स यांत फरक आहे, पण घाबरण्याएवढा नाही: पहिल्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि उपकरणांचा भाग वाढतो, क्वांटम मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स दोन्हीकडे तेवढंच कडक असतं. घरच्यांना 'बीटेक' हे अक्षर हवं असेल तर हा मधला मार्ग म्हणून सांगून बघ. अनेक घरांत त्यावर तह झालेला मी पाहिलाय.

चौथी परीक्षा सीयूईटी, २०२२ पासून सुरू झालेली. दिल्ली विद्यापीठाची फिजिक्स ऑनर्स, बनारस, हैदराबाद ही केंद्रीय विद्यापीठं तिच्यावर चालतात. इथे खरी मेख विषयनिवडीत आहे. फॉर्म भरताना तू जे विषय निवडशील त्यांवरच पुढची पात्रता ठरते. दिल्लीच्या फिजिक्ससाठी एक भाषा, फिजिक्स आणि गणित तर लागतंच, शिवाय केमिस्ट्री किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा विषय. भाषा निवडायला विसरली म्हणून चांगले गुण असूनही बाहेर राहिलेली मुलगी मला माहीत आहे. आधी विद्यापीठाची त्या वर्षाची अट उघड, मग विषयांवर टिचक्या मार. मराठीत पेपर द्यायचा असेल तर सीयूईटी आणि जेईई मेन दोन्हीला ती सोय आहे. ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी-हिंदीत.

चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची गणित-भौतिकशास्त्र अशी जोड-ऑनर्स पदवी आहे, स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. गणितात सिद्धता लिहायला आवडत असेल तरच तिकडे बघ.

अभ्यासाबद्दल एक गोष्ट खास स्टेट बोर्डाच्या मुलांसाठी. या परीक्षांचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीला धरून असतो आणि आपल्या बोर्डाची प्रकरणं त्याच क्रमाने लावलेली नाहीत. रोटेशनल डायनॅमिक्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स एनसीईआरटीत अकरावीला आहेत, आपल्याकडे बारावीला. उलट रे ऑप्टिक्स आपल्याकडे अकरावीतच उरकलं जातं आणि सेमीकंडक्टरची सुरुवातही तिथेच होते. परिणाम असा की अकरावी 'आरामाचं वर्ष' म्हणून घालवलेल्या मुलाचं प्रकाशाचं प्रकरण कायमचं कच्चं राहतं, कारण ते पुन्हा समोर येतच नाही. दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून कुठलं प्रकरण कधी झालं यावर एक संध्याकाळ घालव.

बोर्डाच्या प्रॅक्टिकललाही 'तीस गुणांची भीक' समजू नकोस. साध्या लोलकाचंच उदाहरण घे. लांबी १ मीटर, मोजण्यात चूक १ मिलिमीटर. २० आंदोलनांना ४०.१ सेकंद लागले, स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंद इकडे-तिकडे. आवर्तकाल २.००५ सेकंद, त्यावरून गुरुत्वत्वरण येतं ९.८२. आता सांग, हे उत्तर किती भरवशाचं? लांबीतली चूक ०.१ टक्का. वेळेतली ०.५, पण सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे म्हणून ती दुप्पट होऊन १ टक्का. म्हणजे उत्तर ९.८ अधिक-उणे ०.१, दुसरा दशांश लिहिण्यात काही अर्थ नाही, आणि प्रयोग सुधारायचा असेल तर चांगली मोजपट्टी आणून उपयोग नाही, आंदोलनं २० ऐवजी ५० मोजायला हवीत. पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये आम्ही जे शोधत असतो ते हे. पाठ केलेलं 'रिझल्ट' नव्हे. ज्याला हा शेवटचा मुद्दा स्वतः सुचतो त्याच्याशी बोलायला आम्हाला मजा येते.

गणिताकडे परत येतो. पदवीच्या पहिल्या काही महिन्यांत डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, व्हेक्टर, कॉम्प्लेक्स नंबर आणि साधी डिफरन्शियल इक्वेशन्स हे सगळं तुला येतं असं गृहीत धरून शिक्षक पुढे जातात. कॉम्प्लेक्स नंबर आपल्या बोर्डात अकरावीला होतात, म्हणजे पुन्हा तेच अकरावीचं दुखणं. वाचणाऱ्यांमध्ये पीसीबीची मुलंही असतील, त्यांच्यासाठी: आयसरला बारावीत गणित नसलं तरी, फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजीवर अर्ज चालतो. मात्र आत गेल्यावर गणिताचे कोर्स चुकत नाहीत आणि ते सोपे करून कोणी देत नाही. नायसर वा आयसरमध्ये जाऊन मग फिजिक्स निवडायचा विचार असेल तर आधीची सुट्टी पूर्ण गणिताला द्यावी लागेल. राज्यातल्या बऱ्याच कॉलेजांत गणिताशिवाय फिजिक्स मेजर (मुख्य विषय) मिळतच नाही. अशा वेळी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) बारावीचं गणित हा एकच विषय देण्याची सोय आहे. मात्र ज्या कॉलेजात जायचं तिथे ती मार्कशीट चालते का हे आधी लेखी विचारून घ्यावं.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुला सगळ्यात जास्त खातोय. साधी बीएस्सी वाया जाते का? नाही. पण ती आपोआप सत्कारणीही लागत नाही.

राज्यात बीएस्सीला बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर मेरिट लिस्ट लागते; एमएचटी-सीईटी त्यासाठी लागत नाही, ती इंजिनिअरिंग-फार्मसीची. निकालानंतर कॉलेजांच्या याद्या झटपट लागतात, आणि मुंबई विद्यापीठात तर कॉलेजच्या अर्जाआधी विद्यापीठाची स्वतंत्र ऑनलाइन नोंदणी करावी लागते. आयसर-नायसरचे निकाल येईपर्यंत थांबून राहिलेल्यांच्या हातातून चांगली कॉलेजं जातात. म्हणून पहिल्या यादीत नाव लागलं की प्रवेश घेऊन टाक, आणि प्रवेश रद्द केल्यास फी किती आणि कधी परत मिळते ते त्याच दिवशी ऑफिसात विचारून ठेव.

कॉलेज निवडताना नावापेक्षा चार चौकशा कर. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडविषय) आलं आहे. तिथे फिजिक्स मेजर खरोखर चालतं का, तिसऱ्या वर्षाला किती मुलं उरतात? संख्या फार कमी असली की मेजर बंद होण्याची किंवा कागदावर चालण्याची भीती असते. चौथं वर्ष, म्हणजे ऑनर्स, तिथेच आहे का? संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के हवेत. कॉलेजात एमएस्सीचा विभाग असला तर लॅब आणि शिक्षक दोन्ही बरे असण्याची शक्यता वाढते. आणि जमलं तर लॅब बघायला माग. स्पेक्ट्रोमीटरवर धूळ आहे की बोटांचे ठसे, एवढ्यावरून बरंच कळतं.

मायनर मात्र डोळे झाकून गणित घे. याचं कारण नुसतं आवड हे नाही. बीएस्सीनंतर आयआयटींतल्या एमएस्सीला जॅम ही परीक्षा असते, आणि बऱ्याच आयआयटी फिजिक्सच्या एमएस्सीसाठी पदवीत निदान दोन सेमिस्टर गणित शिकलेलं मागतात. तिसऱ्या वर्षी हे कळून हातावर हात मारत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. जॅम फिजिक्सचा पेपर १०० गुणांचा, ६० प्रश्न, तीन तास. आयआयएस्सीची इंटिग्रेटेड पीएचडी हीसुद्धा त्याच वाटेवर आहे. साध्या कॉलेजातून तिथे पोचलेली मुलं अपवाद नाहीत. त्यांनी पदवीच्या काळात काय केलं ते बघितलं तर दोन-तीन गोष्टी सारख्या दिसतात: दरवर्षीची सुट्टी कुठल्या ना कुठल्या प्रकल्पात घालवलेली असते. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे, होमी भाभा केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम आहे. पुण्याच्या आसपास असशील तर आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन्ही संस्था हाताशी आहेत.

पैशाचा विचार असेल तर इन्स्पायर शिष्यवृत्ती विसरू नकोस. बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात असशील आणि मूलभूत विज्ञानात पदवी करत असशील तर वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. साध्या बीएस्सीलाही ती लागू आहे, हे पालकांना आवर्जून सांग.

कागदपत्रांबद्दल, कारण बुद्धी असूनही मुलं इथे अडकतात. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकदा शेवटी. परीक्षेच्या फॉर्मवर नाव कुठल्या क्रमाने टाकायचं याची सूचना वाच आणि सगळ्या फॉर्मवर तेच ठेव. आधारमध्ये काही दुरुस्ती करायची असेल तर ती दिवाळीआधीच उरक. आरक्षणातून अर्ज असेल तर राज्याचा दाखला केंद्रीय संस्थांना चालत नाही असं धरूनच चाल: ओबीसीसाठी केंद्राच्या यादीत जात आहे का हे आधी बघावं लागतं आणि नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षाचं लागतं. ईडब्ल्यूएसचंही तसंच. राज्याचं एसईबीसी (मराठा आरक्षणाचं) प्रमाणपत्र आयसर, आयआयटी वा केंद्रीय विद्यापीठात उपयोगी पडत नाही. तहसील कार्यालयात एप्रिलमध्ये अर्ज टाकला तर मे अखेर हातात येतं. जूनमध्ये टाकलास तर काउन्सेलिंग चालू असताना फेऱ्या मारशील. शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा करण्याआधी त्याच्या साक्षांकित प्रती काढून घे, आणि राज्याबाहेर जायचं ठरलं की बोर्डाच्या मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज लगेच कर.

परदेशाबद्दल विचारलेलं नाहीस, तरी दोन ओळी. ब्रिटनमध्ये एका अर्जात पाच पर्याय देता येतात, ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते, आणि 'मला लहानपणापासून तारे आवडतात' छापाच्या निवेदनाला तिथे काडीची किंमत नाही. कुठला प्रश्न स्वतः सोडवायला घेतलास आणि कुठे अडकलीस ते लिहावं लागतं. जर्मनीत नुसत्या भारतीय बारावीवर सहसा थेट पदवीप्रवेश मिळत नाही. इथे एक वर्ष पदवीचं शिक्षण यशस्वी पूर्ण करून त्याच विषयात अर्ज करणं हा रुळलेला रस्ता आहे.

तुझ्या जागी मी असतो तर या वर्षी आयएटी, नेस्ट, जेईई मेन आणि सीयूईटी हे चार फॉर्म भरले असते, आयआयएस्सीचा वेगळा अर्ज मुदतीच्या आत टाकला असता, आणि राज्यातल्या दोन-तीन चांगल्या कॉलेजांच्या मेरिट लिस्टवर नजर ठेवली असती. एप्रिल ते जूनमध्ये या परीक्षा एकमेकींच्या अंगावर येतात, तेव्हा तारखा आल्या की आधी त्या एका कागदावर मांड. केंद्र निवडताना लांबचं शहर पहिल्या पसंतीत टाकू नकोस. आणि आजच बसायचं असेल तर अकरावीचं गणिताचं पुस्तक काढ, कॉम्प्लेक्स नंबरचं प्रकरण उघड आणि पहिला उदाहरणसंग्रह सोडव. कुठे अडलीस तर त्या उदाहरणाचा क्रमांक आणि तू केलेल्या पायऱ्या इथे लिही, मी बघतो.